उभी मोटार

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे घरातील बहुतेक वस्तूंची काही ना काही सोय लागते. भांडी गोणपाटात बांधली जातात, पुस्तके खोक्यांत जातात, कुंड्या शेजाऱ्यांच्या गॅलरीत पोचतात. सोय लागत नाही ती घरच्या जुन्या मोटारीची. शिलाँगला किंवा पोर्ट ब्लेअरला ती नेणे परवडणारे नसते, आणि वडिलांनी हौसेने घेतलेली अँबॅसडर वा फियाट विकावी असे मनातून वाटत नाही. तेव्हा नागपूरच्या किंवा सांगलीच्या घरामागे, पत्र्याच्या छपराखाली, ताडपत्री पांघरून ती उभी केली जाते. दोन वर्षे म्हणता म्हणता पाच होतात. पुढे केव्हा तरी दीर्घ रजेवर घरी आल्यावर ताडपत्री निघते, मोठ्या उमेदीने नवी बॅटरी आणली जाते, किल्ली फिरवली जाते. आणि मोटार ‘खट्’ असा एकच उद्गार काढून गप्प बसते. चारसहा वेळा तेच होते. मग नाक्यावरच्या गॅरेजातून कोणी तरी येतो, बॉनेट उघडून आत डोकावतो आणि भंगारवाल्याचा पत्ता देतो.

या निकालावर सहसा अपील होत नाही. वास्तविक ते करता येते आणि पुष्कळदा जिंकताही येते. मात्र त्याकरिता मोटार सुरू करण्याची विद्या माणसाला कोणकोणत्या टप्प्यांनी साध्य झाली याचा थोडा मागोवा घ्यावा लागतो. कारण उभ्या मोटारीतील बिघाडाचे आणि त्या इतिहासाचे नाते फार जवळचे आहे. जी सोय मोटारीला सर्वांत शेवटी लाभली ती निरुपयोगाने सर्वांत आधी नाहीशी होते, आणि जी मुळापासून होती ती सर्वांत शेवटी जाते, असा साधारण क्रम आढळतो. हा क्रम ध्यानात न घेता केलेली घाई पुष्कळ सुस्थितीतील गाड्यांच्या नाशाला कारण होते.

वाफेच्या यंत्राला सुरू होण्याची अडचण अशी नव्हतीच. बॉयलरमध्ये दाब तयार असला की झडप उघडताच यंत्र हालू लागे. पेट्रोलच्या यंत्राची गोष्ट निराळी. निकोलस ऑटोने १८७६ साली सिद्ध केलेल्या पद्धतीत पिस्टनचे चार फेरे असतात. पहिल्यात इंधनमिश्रित हवा आत ओढली जाते, दुसऱ्यात ती दाबली जाते, तिसऱ्यात ती पेटून पिस्टनला ढकलते आणि चौथ्यात धूर बाहेर जातो. शक्ती मिळते ती केवळ तिसऱ्या फेऱ्यात. पहिले दोन फेरे बाहेरच्या कोणी तरी करून दिल्याखेरीज हे यंत्र स्वतः काहीच करू शकत नाही. काम सुरू व्हावे म्हणून आधी दुसऱ्याने काम करावे लागते, हा प्रकार सरकारी दफ्तराशी परिचय असलेल्या वाचकांना अगदीच अपरिचित वाटू नये.

कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीचे पेटंट मागितले, तिच्या पाठीमागे एक मोठे गतिचक्र आडवे बसविलेले होते. ते दोन्ही हातांनी धरून जोराने फिरवले म्हणजे यंत्र सुरू होई. ही गाडी लोकांच्या दृष्टीने तेव्हा एक विक्षिप्त खेळणे होते. तिला प्रतिष्ठा मिळवून दिली ती बेंझच्या पत्नीने. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या आपल्या माहेरी, याच गाडीतून गेली. पतीला तिने आधी काही सांगितले नव्हते. मोटारीने केलेला पहिला दूरचा प्रवास म्हणून या घटनेचा उल्लेख सर्वत्र होतो. मला तिचे महत्त्व आणखी एका कारणासाठी वाटते. बंद पडलेली मोटार तपासून ती पुन्हा सुरू करण्याची विद्या त्या दिवशी जन्माला आली, आणि तिची जननी मिस्त्री नव्हती.

वाटेत इंधनाची नळी तुंबली. बेर्टाबाईंनी टोपीला लावायची लांब पिन काढून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचे आवरण झिजून वीज भलतीकडेच जाऊ लागली. तेव्हा मोजाबंदाचा पट्टा त्या तारेभोवती गुंडाळून तिने ती सुरक्षित केली. इंधन संपत आले तेव्हा व्हीसलॉख गावच्या औषधांच्या दुकानातून तिने लिग्रोइन विकत घेतले. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी वापरात असलेला तो एक हलका द्रव. पिन इंधनासाठी आणि पट्टा ठिणगीसाठी! आजही एखादी जुनी गाडी अडून बसली की जाणता माणूस जे दोन प्रश्न विचारतो, ‘पेट्रोल येतंय का’ आणि ‘करंट येतोय का’, ते दोन्ही या एका प्रवासात विचारले गेले आणि त्यांची उत्तरेही सापडली.

बेंझने ठिणगीसाठी बॅटरी आणि कॉइल वापरली होती, पण त्या काळची बॅटरी फार काळ टिकत नसे. म्हणून गोटलीब डाइमलरने वेगळा मार्ग पत्करला. सिलिंडरच्या डोक्यात एक बारीक बंद नळी बसवायची, ती बाहेरून दिव्याच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवायची, आणि दाबलेले मिश्रण त्या तप्त नळीत शिरले की पेट घ्यायचे. यात विजेचा संबंध नव्हता, पण गाडी काढण्यापूर्वी कोणी तरी दिवा पेटवून नळी तापत ठेवावी लागे, आणि वाऱ्याने तो विझला की गाडीही थांबे. ‘शोफर’ हा शब्द आपण साहेबी थाटाचा समजतो. मूळ फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ ‘तापवणारा’ एवढाच आहे. वाफेच्या यंत्रापुढे कोळसा घालणाऱ्या माणसाचे हे नाव मोटारीबरोबर पुढे आले, आणि गाडी चालवण्यापेक्षा ती सुरू करणे हेच त्या माणसाचे मुख्य काम होते याची साक्ष त्या शब्दात राहून गेली.

तप्त नळीचा जमाना अल्पायुषी ठरला. १८९७ साली रॉबर्ट बॉशने आपला मॅग्नेटो एका द डियों-बूतों तीनचाकीवर बसवून दाखवला, आणि १९०२ मध्ये त्याच्याच कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या बळावर वीज निर्माण करणारे एक लहानसे यंत्र. इंजिन फिरले की तेही फिरते आणि ठिणगी देते. बॅटरी नको, ज्योत नको. वर्षभर उभी असलेली मॅग्नेटोची गाडीही चार वेळा हँडल मारल्यावर बोलू लागण्याचा संभव असे, कारण तिच्यात झिरपून जाण्यासारखी साठवलेली वीजच नव्हती.

मात्र हँडल मारणे हे काम जोखमीचे. ठिणगी जरा लवकर पडली तर पिस्टन वर येण्यापूर्वीच स्फोट होऊन इंजिन उलटे फिरते आणि हातातले हँडल मनगटावर आदळते. मनगटाच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला शल्यशास्त्रात शोफरचेच नाव मिळाले, यावरून असे अपघात किती होत असतील याची कल्पना येते. म्हणून जुन्या लोकांनी काही नियम घालून दिले होते. आधी ठिणगी मागे घ्यावी. हँडल खालून वर ओढावे. वरून खाली कधीही दाबू नये. अंगठा बोटांच्या समोर न ठेवता बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे उलटा झटका बसला तर हँडल हातातून निसटून जाते. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीवर संख्येने तयार झालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांनी सामान्य माणसाला मोटार दिली, आणि त्याबरोबर हा धोकाही दिला. विजेचा स्टार्टर फोर्डकडे १९१९ पर्यंत मिळत नव्हता.

या धोक्यावरील उपाय निघाला कसा, याविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. १९१० च्या हिवाळ्यात डेट्रॉइटजवळच्या एका पुलावर एका स्त्रीची कॅडिलॅक बंद पडली. बायरन कार्टर नावाचा मोटार-उत्पादक तिच्या मदतीला थांबला. हँडल उलटे फिरून त्याच्या जबड्यावर बसले आणि त्यातून पुढे त्याचा मृत्यू ओढवला. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांना हे ऐकून इतके दुःख झाले की, आपली गाडी यापुढे कोणाचा जीव घेणार नाही, असा त्यांनी निश्चय केला. कथा हृद्य आहे. परंतु कार्टर एप्रिल १९०८ मध्ये न्यूमोनियाने वारला असे कागदपत्रे सांगतात, आणि मृत माणूस दोन वर्षांनी पुलावर थांबू शकत नाही. मूळ घटनेत काही तथ्य असेलही. पण मोठ्या शोधाला एक करुण प्रसंग चिकटवल्याशिवाय लोकांचे समाधान होत नाही हेच खरे.

शोध लावणाऱ्या चार्ल्स केटरिंगची खरी हकीकत या कथेहून अधिक मनोरंजक आहे. ओहायोतील डेटन येथे तो दुकानांतील गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होता, आणि गल्ल्याचा खण विजेने उघडण्याची युक्ती त्याने शोधली होती. तेथे त्याला एक गोष्ट कळली. खण उघडण्यास एक क्षण पुरतो. तेव्हा त्या क्षणापुरता लहान मोटरवर तिच्या ऐपतीपलीकडचा भार टाकला तरी ती जळत नाही, कारण तापण्याइतका वेळच तिला मिळत नाही. इंजिन फिरवण्याएवढी शक्ती देणारी विजेची मोटर इंजिनाएवढीच मोठी लागेल, असे तज्ज्ञ म्हणत होते. केटरिंगने उत्तर दिले ते गल्ल्याच्या अनुभवातून. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत त्याचा स्टार्टर बसला. त्याआधीच त्याने बॅटरी, कॉइल आणि संपर्क तोडणारे पॉइंट यांची ठिणगी देणारी व्यवस्था सुधारून व्यवहारात आणली होती. बॅटरीचा मंद प्रवाह कॉइलमध्ये चुंबकत्व निर्माण करतो. पॉइंट उघडताच तो प्रवाह एकदम तुटतो, चुंबकत्व कोसळते, आणि कॉइलच्या दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या तारेत हजारो व्होल्टांचा दाब उसळून प्लगवर ठिणगी पडते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशापर्यंत जगातील बहुतेक मोटारी याच पद्धतीवर चालल्या.

केटरिंगने १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासह स्थापन केलेल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांवरून ‘डेल्को’ हे नाव पडले. आपल्याकडचे मिस्त्री प्लगांना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला, तो कोणत्याही कंपनीचा असो, ‘डेल्को’च म्हणत आले. यांत्रिक पेट्रोल-पंपाला ते ‘एसी पंप’ म्हणतात. त्यातील ए आणि सी ही आल्बेर शांपियों या फ्रेंच सायकलपटूच्या नावाची आद्याक्षरे आहेत. तो अमेरिकेत जाऊन प्लग बनवू लागला आणि त्याच्या कंपनीचे पंप १९२० च्या दशकाच्या अखेरीस मोटारींत आले. स्टार्टरच्या दांड्यावर पुढे सरकणाऱ्या दातेरी चाकाला ‘बेंडिक्स’ म्हणतात, ते व्हिन्सेंट बेंडिक्सवरून. आणि स्टार्टरला स्वतःला नाव मिळाले नुसते ‘सेल्फ’. कुर्ल्याच्या किंवा करोलबागेच्या गॅरेजात बारा-तेरा वर्षांचे पोर हे शब्द सहज बोलत असे. आपण मोटारीच्या इतिहासाची बाराखडी म्हणतो आहोत हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

येथे एक गोम लक्षात घेतली पाहिजे. सेल्फ आला, हात वाचला, पण त्या दिवसापासून मोटार बॅटरीची मिंधी झाली. फिरण्याची शक्ती बॅटरीकडून आणि ठिणगीही बॅटरीकडूनच. सेल्फ फिरताना शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढतो. बॅटरी अशक्त असली तर तिचा दाब बारा व्होल्टांवरून नऊ-दहापर्यंत किंवा त्याखालीही घसरतो, आणि ऐन वेळी कॉइलच्या वाट्याला उपाशी वीज येते. इंजिन फिरते आहे पण पेट घेत नाही, या तक्रारीच्या मुळाशी हे कारण पुष्कळदा असते. अशा वेळी सेल्फ न वापरता हँडल मारले तर बॅटरीतील उरलीसुरली सारी वीज ठिणगीला मिळते आणि गाडी सुरू होते. इंग्लंड-इटलीच्या मोटार-कारखान्यांनी सेल्फ दिल्यानंतरही कित्येक वर्षे हँडलसाठी जागा ठेवली, ती उगीच नव्हे.

आपल्या देशात या जुन्या व्यवस्थेला विलक्षण दीर्घ आयुष्य लाभले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवर आधारलेली अँबॅसडर कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे १९५७ पासून काढली आणि मे २०१४ पर्यंत काढली. तिच्या प्रदीर्घ कारकिर्दीत बहुतेक काळ १४८९ घनसेंटिमीटरचे तेच ब्रिटिश वंशाचे पेट्रोल इंजिन चालू होते. परदेशात ज्या पद्धतीची यंत्रे संग्रहालयात गेली होती, ती येथे जिल्हाधिकाऱ्यांना दौऱ्यावर नेत होती. परवान्यांच्या अर्थव्यवस्थेवर ही टीका म्हणून मी लिहीत नाही, जरी तशी टीका करता येईल. त्या मागासलेपणाचा एक लाभ आज आपल्या पदरात आहे. या गाड्यांतील प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. प्रश्न विचारला तर त्या उत्तर देतात.

आता त्या ताडपत्रीखालच्या गाडीकडे वळू. तिच्यात काय काय, आणि कोणत्या क्रमाने, बिघडत गेले असेल?

पहिली जाते ती बॅटरी. गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शोधलेली शिशाची बॅटरी न वापरताही आपोआप उतरत जाते. काही महिन्यांत रिकामी होते, आणि रिकाम्या अवस्थेत राहिली तर तिच्या पत्र्यांवर सल्फेटचे कठीण थर बसून ती पुन्हा भरण्याच्या पलीकडे जाते. त्यानंतर इंधन. पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नाही. त्यातील हलके अंश, जे थंड इंजिनाला पेट घेण्यास मदत करतात, ते आधी उडून जातात आणि मागे राहिलेल्या भागाचा कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत डिंकासारखा थर बसतो. अलीकडे यात एक नवी भर पडली आहे. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र झाले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. फार दिवस उभ्या टाकीत पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि पत्रा गंजवतो. पूर्वीच्या काळचे रबर व कॉर्क यांनाही ते मानवत नाही. त्यामुळे आजोबांच्या वेळी वर्षभर उभी राहून सुरू झालेली गाडी आज सहा महिन्यांत रुसते, यात गाडीचा दोष नाही.

त्यानंतर पाळी पॉइंटांची. दमट हवेत त्यांच्या तोंडांवर डोळ्यांना जेमतेम दिसेल असा पापुद्रा धरतो. बारा व्होल्टांना तो ओलांडता येत नाही. उंदीर तारा कुरतडतात आणि एअर-फिल्टरमध्ये संसार थाटतात. सर्वांत शेवटी, पुष्कळ वर्षांनी, ऑटोच्या काळापासून चालत आलेला मूळ गाभा धोक्यात येतो. सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल ओघळून जाते, एखादी झडप अर्धवट उघडी राहिलेली असते, तिच्यातून कोकणातला किंवा बंगालातला पावसाळा आत शिरतो, आणि पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला चिकटतात.

म्हणजे बिघाड नव्याकडून जुन्याकडे उतरत जातो. मालकाची घाईदेखील त्याच क्रमाने चालते. तो प्रथम बॅटरी बदलतो, कारण ती सर्वांत आधी गेलेली त्याला दिसते. आणि येथेच अनर्थ होतो. नव्या बॅटरीच्या जोरावर सेल्फने कोरड्या, गंजलेल्या सिलिंडरात पिस्टन ओढले की रिंगा तुटतात आणि भिंतींवर चरे पडतात. दुसरी गाडी जुंपून गिअरमध्ये ओढली तर आणखीच मोठे नुकसान. जी गाडी आठ दिवसांच्या धीराने वाचली असती, ती आठ सेकंदांत इंजिन उतरवण्याच्या खर्चात जाते. तपासणीचा क्रम म्हणून उलटा हवा. जे सर्वांत जुने ते प्रथम पाहावे.

त्याकरिता किल्लीला हातही लावू नये. चारही प्लग काढावेत आणि प्रत्येक सिलिंडरात थोडे पातळ तेल सोडून एकदोन दिवस स्वस्थ बसावे. इंजिनातील तेलाची काडी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे असे समजून ते आधी बदलावे. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडल हलक्या हाताने फिरवून पाहावे. हलले नाही तर जोर करू नये. पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस. जुनी इंजिने पुष्कळदा तिसऱ्याचौथ्या दिवशी मोकळी होतात. फिरू लागल्यावर प्लग बसवावेत आणि हँडलचे दोन पूर्ण वेढे सावकाश द्यावेत. चार सिलिंडरांच्या इंजिनात या दोन वेढ्यांत हाताला चार वेळा विरोध जाणवला पाहिजे. तीनच वेळा जाणवला तर एखादी झडप चिकटून उघडी राहिली आहे. या साध्या परीक्षेला कोणतेही उपकरण लागत नाही, तळहात लागतो.

दुसरी परीक्षा ठिणगीची, आणि ती पेट्रोलला हात लावण्यापूर्वी घ्यावी हे बरे. डेल्कोचे टोपण काढून पॉइंटांच्या तोंडांवरून बारीक पॉलिश-पेपर फिरवावा आणि मागे राहिलेली धूळ कोऱ्या कागदाने पुसून घ्यावी. पॉइंट पूर्ण उघडे असताना त्यांच्यातील अंतर सुमारे पंधरा हजारांश इंच असावे. कॉइलकडून येणारी मधली तार इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर धरून हँडल फिरवले असता निळी, कडकडीत ठिणगी पडली तर या खात्याबद्दल निश्चिंत व्हावे. ठिणगी पिवळट आणि दुबळी असेल, आणि पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील, तर त्यांच्या शेजारचा कंडेन्सर संशयास्पद आहे.

इंधनाच्या बाबतीत एकच सांगावेसे वाटते. टाकीतील जुने पेट्रोल कितीही असो, त्याचा मोह धरू नये. त्याला व्हार्निशसारखा वास येत असेल तर शंकाच नको. पहिल्या वेळी ताज्या पेट्रोलची बाटली कार्ब्युरेटरला वेगळ्या नळीने जोडावी, म्हणजे टाकी, नळ्या आणि एसी पंपाचा कडक झालेला पडदा हे तिन्ही संशयित तूर्त बाजूला राहतात. चोक ओढून दहाबारा वेळा इंजिन फिरवल्यावरही ते पेटले नाही, तर एक प्लग काढून पाहावा. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे आणि दोष ठिणगीत आहे. कोरडा असेल तर ठिणगीला दोष देण्यात अर्थ नाही. बेर्टाबाईंची पिन हवी की पट्टा, याचा निवाडा असा होतो.

सेल्फची तपासणी शेवटी. येथेही पुढचे दिवे साक्षीला बोलवावेत. दिवे लावून सेल्फ मारला असता ते एकदम मालवले, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिची टोके हिरवट क्षारांनी माखली आहेत; इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी जाड पट्टीही तपासावी, कारण ती गंजलेली असणे हा फार आढळणारा आणि फार क्वचित शोधला जाणारा दोष आहे. दिवे तेजस्वी राहिले आणि काहीच हालचाल झाली नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा त्याचे कार्बन झिजले आहेत. सेल्फ गुंइंग करून नुसताच फिरला, तर बेंडिक्स धुळीने आपल्या जागी अडकले आहे. ते रॉकेलने धुवावे, पण त्याला ग्रीस लावू नये, कारण ग्रीसवर धूळ बसून तोच प्रकार पुन्हा होतो.

हे सारे करण्याची आज निकड आहे, कारण उभी गाडी आता केवळ गंजाच्या तावडीत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये दिल्ली परिसरात पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांविरुद्ध आदेश दिले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले, आणि त्यानंतर जुन्या वाहनांविषयीचे नियम अनेकदा पालटले. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. दुसऱ्या बाजूस २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी देण्याचे नियम केले. त्यात सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. मूळ इंजिन शाबूत असण्याला अशा रीतीने कागदोपत्रीही किंमत आली. घाईने मारलेल्या एका सेल्फमुळे ते गेले, तर नवे इंजिन बसवून गाडी चालेल, पण ती त्या यादीत बसेलच असे नाही.

गाडी सुरू झाली, धूर काढून स्थिर चालू लागली, तरी डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा कधी कधी विझत नाही आणि मालक डायनामो बदलायला निघतो. डायनामोला वीज निर्माण करण्यासाठी आपल्या लोखंडात थोडेसे चुंबकत्व शिल्लक असावे लागते, आणि फार वर्षे स्तब्ध राहिल्यास ते कधी कधी लोपते. अशा वेळी इंजिन बंद करून डायनामोच्या लहान टोकाची तार सोडवावी, आणि बॅटरीच्या सांगाड्याला न जोडलेल्या ध्रुवापासून एक तार आणून त्या टोकाला दोनतीन वेळा नुसता स्पर्श करावा. मात्र जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या काही गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव सांगाड्याला जोडलेला असतो, नव्यांत ऋण. तो कोणता हे नवी बॅटरी बसवतानाच पाहून ठेवलेले असावे. स्पर्शाबरोबर बारीकशी ठिणगी उडते. मग सोडवलेली तार पुन्हा जोडून इंजिन सुरू करावे आणि वेग किंचित वाढवावा. डायनामो धड असेल तर तांबडा दिवा मंद होत होत विझतो.